आयुष्याचे टप्पे सुरांतून दाखवायचे असतील तर चेंबर म्युझिकचा कार्यक्रम कसा बांधावा?

चौथी खुर्ची

चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचे पाश्चात्त्य संगीत, वाजवणारे आम्ही पाच हौशी वादक आहोत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक पियानो आणि चेलोवर मी. गेली सहा वर्षे आठवड्यातून एकदा एकत्र बसतो आणि वर्षातून एकदा शंभरेक श्रोत्यांसमोर वाजवतो. या वर्षी बाळपण, तारुण्य, कामाची आणि संसाराची वर्षे, आजारपण, म्हातारपण आणि शेवट असे आयुष्याचे टप्पे ओळीने मांडणारा कार्यक्रम करावा असे ठरले आहे. वेळ सव्वा तासाचा आहे आणि मध्यंतर ठेवायचे नाही.

कल्पना ठरायला पाच मिनिटे लागली आणि तेव्हापासून तीन आठवडे आमचा वाद चालू आहे. बाळपणासाठी पियानोवादकाने जर्मन रचनाकार शुमानची पियानोवरची 'बालदृश्ये' (ओपस म्हणजे रचना-क्रमांक १५, १८३८) सुचवली. त्यावर पहिल्या व्हायोलिनचे म्हणणे असे पडले की ते तेरा तुकडे सत्तावीस वर्षांच्या माणसाने लिहिलेले आहेत, त्यामुळे ते मोठ्या माणसाच्या आठवणीतले बाळपण झाले. टप्पा खरा वाटायला हवा असेल तर त्या त्या वयात लिहिलेले संगीतच घ्यावे, म्हणजे तारुण्यासाठी मेंडेलसोनने १८२५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिलेले ऑक्टेट घ्यावे. ऑक्टेटला आठ तंतुवादक लागतात आणि आमच्याकडे चार आहेत, हे त्यांच्या बोलण्याच्या ओघात राहून गेले.

तेव्हा येथील जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. टप्पा रचनेच्या विषयावरून ठरवावा की रचनाकाराच्या वयावरून? आणि अशा कार्यक्रमाचा शेवट कशाने करावा? सगळे जण मृत्यूने करतात, म्हणून आम्हीही करावा का?

अर्धविराम

तरुणपणाला आठ माणसे लागतात आणि उतारवयात चारांत भागते, हे मेंडेलसोनने सोळाव्या वर्षीच ओळखले होते.

तिसरी रांग

मी वादक नाही, ऐकणारा आहे. अशा एका कार्यक्रमाला मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. वादन चांगले होते, पण प्रत्येक रचनेआधी निवेदक उठून पुढच्या सात मिनिटांत आपल्याला काय वाटणार आहे ते सांगत असे. तारुण्याच्या वेळी पडद्यावर धावणारी मुले दाखवली, म्हातारपणाच्या वेळी सुरकुतलेले हात दाखवले. सर्वांत वाईट प्रकार शेवटच्या रचनेत झाला. दिवे हळूहळू मंद करत नेल्यामुळे व्हायोलावादकाला स्वरलिपी दिसेनाशी झाली, आणि ते डोके कागदाजवळ नेत नेत जवळजवळ स्टँडवर टेकले. त्या संध्याकाळी मला उतारवय खरोखर जाणवले ते तेवढ्या एका दृश्यात, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

त्यामुळे विषय की वय या वादात पडण्याआधी एवढीच विनंती करतो की श्रोत्याला एक पानभर माहिती हातात द्यावी आणि त्यानंतर त्याला एकटे सोडावे.

पान उलटणारी

माझ्या नावावरून लक्षात आले असेलच की मी पियानोवादकाशेजारी बसून पाने उलटते, त्यामुळे 'बालदृश्ये' मी फार जवळून पाहिली आहेत. पहिल्या व्हायोलिनचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यावरून ही रचना बाद ठरत नाही. ती मुलांनी वाजवण्यासाठी नाही, मोठ्यांनी मागे वळून पाहण्यासाठी आहे, हे शुमानलाही पुरते ठाऊक होते. मुलांसाठी त्याने पुढे १८४८ मध्ये वेगळा संग्रह लिहिला आणि त्याची सुरुवात थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या भेटीपासून झाली.

शेवटचे दोन तुकडे पाहा. बाराव्याचे नाव 'मूल झोपी जाताना' आणि तेराव्याचे 'कवी बोलतो'. बाराव्याच्या अखेरीस सूर जणू वाक्य अर्धवट टाकून थांबतो आणि मग तेराव्यात कुणी मोठे माणूस दबक्या आवाजात बोलू लागते. मध्येच सगळी लय सोडून एकच आवाज स्वतःशी पुटपुटल्यासारखा वर चढतो. पान उलटायला मी तिथे उभी असते तेव्हा हात पुढे न्यायलाही संकोच वाटतो. मूल झोपले आहे आणि त्याच्या उशाशी बसलेला माणूस जागा आहे, असे बाळपण मला सोळा वर्षांच्या मुलाच्या रचनेत मिळणार नाही.

ब्राम्सच्या १८६८ च्या पाळणागीताचेही तेच आहे. ते त्याने बर्टा फाबर या मैत्रिणीला मुलगा झाला तेव्हा लिहिले आणि ती तरुणपणी त्याला गाऊन दाखवत असे ती चाल त्याने पियानोच्या साथीत गुंफली. म्हणजे आई बाळाला जोजवत असताना तिच्या कानावर तिचे स्वतःचे जुने गाणे पडते. ते गीत बाळाइतकेच आईलाही उद्देशून आहे.

साशंक

क्षमा असावी, पण या धाग्याच्या मुळाशी असलेले गृहीतकच मला पटत नाही. सुरांना वय असते असे आपण मानतो, कारण रचनाकाराची जन्मतारीख आपल्याला आधीच ठाऊक असते.

शूबर्टचे सी मेजरमधले क्विंटेट, म्हणजे पाच वादकांची रचना, सर्वांना निरोपाचे वाटते. ते १८२८ च्या शरदात लिहिले गेले आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला, म्हणून तसे वाटते. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. आता तुमच्या तक्त्यात ते कुठे बसवणार? वयाने पाहिले तर तारुण्यात जाईल आणि मृत्यूपासूनचे अंतर पाहिले तर अखेरच्या टप्प्यात. मेंडेलसोनचे एफ मायनर क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना (ओपस ८०), घ्या. १८४७ च्या मे महिन्यात त्याची बहीण फॅनी अचानक गेली, त्यानंतर त्याने ते लिहिले आणि नोव्हेंबरात अडतिसाव्या वर्षी तोही गेला. ज्याच्या ऑक्टेटला आपण तारुण्याचे प्रतीक ठरवले, त्याच माणसाचे हे क्वार्टेट कोणत्या वयाचे मानायचे? पोक्त वय त्याच्या वाट्याला आलेच नाही.

मी एक प्रयोग सुचवतो. कार्यक्रमपत्रिका आधी देऊच नका. श्रोत्यांना कोऱ्या कागदावर प्रत्येक रचनेसमोर वय लिहायला सांगा आणि मग पाहा किती जणांचे जुळते ते.

व्हायोलावाली

साशंक यांचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण एका रचनेपाशी तो अडतो, कारण तिच्या कर्त्यानेच आपल्या आयुष्याचे टप्पे तिच्यात घातले आणि एका पत्रात ते उलगडूनही सांगितले. स्मेतानाचे १८७६ चे ई मायनर क्वार्टेट, 'माझ्या आयुष्यातून'. पहिला भाग तारुण्यातल्या कलेच्या ओढीचा आणि पुढे काही वाईट घडणार असल्याच्या चाहुलीचा. दुसरा भाग पोल्का, कारण तरुणपणी तो नाचाचा शौकीन होता. तिसरा भाग पहिल्या पत्नीवरच्या प्रेमाचा आणि चौथा आपल्या मातीतल्या संगीताची वाट सापडल्याच्या आनंदाचा. मग हा चौथा भाग ऐन भरात असताना अचानक थांबतो, खाली बाकीची वाद्ये थरथरू लागतात आणि पहिल्या व्हायोलिनवर एक अतिशय उंच ई स्वर लांबच लांब धरला जातो. बहिरेपण येण्याआधी त्याच्या कानात जी शीळ वाजत असे, तीच ही. १८७४ च्या ऑक्टोबरात त्याची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती, म्हणजे हे क्वार्टेट त्याने स्वतः कधीच कानांनी ऐकले नाही.

माझ्या वाद्याचा अभिमान म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. रचनेची सुरुवात व्हायोलाच्या एकट्या हाकेने होते, आणि १८७८ मध्ये ती पहिल्यांदा खाजगी बैठकीत वाजली तेव्हा व्हायोलावर द्वोर्झाक होता. आमच्या वाद्यावर विनोद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चौथी खुर्ची, तुमच्याकडे क्वार्टेट आहे. अर्ध्या तासात अख्खे आयुष्य तयार मिळत असताना तुकडे गोळा कशाला करता?

एकसष्ट

मी येथे सहसा फक्त वाचतो, पण व्हायोलावाली यांनी त्या ई स्वराचा उल्लेख केला म्हणून लिहितो. गेली नऊ वर्षे माझ्या डाव्या कानात एक बारीक आवाज अखंड चालू आहे. दिवसा तो इतर आवाजांत बुडतो, रात्री दिवा मालवला की वर येतो. डॉक्टरांनी सांगितले तसे मी त्याच्याबरोबर राहायला शिकलो आहे.

स्मेतानाचे क्वार्टेट मी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले तेव्हा मला त्यातले काहीही ठाऊक नव्हते. तो स्वर आला आणि मी शेजारी पाहिले, कारण माझ्या कानातला आवाज आज इतरांनाही ऐकू येत आहे असे मला क्षणभर खरोखर वाटले. शेजारच्या बाईंनी कपाळाला आठी घातली होती. नऊ वर्षांत घरच्या माणसांना जे समजावून सांगता आले नव्हते, ते अनोळखी शंभर माणसांनी काही सेकंद ऐकले. माझा स्वर त्याच्याहून थोडा खाली आहे, पण तो तपशील झाला.

साशंक, तुमच्या कोऱ्या कागदावर मी काय लिहिले असते ते मला सांगता येणार नाही, पण मी वय लिहिले नसते.

साशंक

एकसष्ट यांच्या अनुभवापुढे वाद घालावासा वाटत नाही. फक्त एवढे नोंदवतो की त्यांना तिथे म्हातारपण ऐकू आले नाही, स्वतःचा कान ऐकू आला. स्मेतानाही तेव्हा बावन्नच वर्षांचा होता आणि त्यानंतर आठ वर्षे जगला. त्यामुळे टप्प्यांविषयीची माझी शंका अजून शाबूत आहे.

निमूट वाचक

विषयावरून टप्पे ठरवण्यातला एक धोका सांगते. शुमाननेच १८४० मध्ये स्त्रीच्या आयुष्यावरची आठ गीतांची माला लिहिली. पहिली भेट, होकार, अंगठी, लग्न, मातृत्व आणि शेवटी पतीचा मृत्यू असा तिचा क्रम आहे. कवी शामिसो. एका स्त्रीचे अख्खे आयुष्य दोन पुरुषांनी सांगितलेले आहे आणि त्यात पतीखेरीज दुसरे काही घडत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

मला त्याहून बोचते ते वेगळेच आहे. मूळ कवितामालेत नऊ कविता आहेत. नवव्या कवितेत ती स्त्री म्हातारी झाली आहे आणि नातीशी बोलते आहे. शुमानने ती गाळली. पती गेल्यावर आठवे गीत संपते आणि पियानो एकटाच पहिल्या गीताचे सूर पुन्हा वाजवत राहतो. कलेच्या दृष्टीने हा शेवट अप्रतिम आहे आणि तो ऐकताना माझेही डोळे भरून येतात, पण त्या शेवटासाठी एका बाईचे म्हातारपण पुसले गेले. वैधव्यानंतर ती तीस-चाळीस वर्षे जगली, तिने नातवंडे पाहिली, तिला काही सांगायचे होते. कार्यक्रम बांधताना आपणही असेच काही गाळत नाही ना, एवढे पाहावे.

पान उलटणारी

हे मला ठाऊक नव्हते. शेवटचा पियानो मी आजवर फक्त आठवण म्हणून ऐकत आले. आता त्यात गाळलेली कविताही ऐकू येत राहणार.

खर्ज

आपल्या ख्यालात विलंबितापासून सुरुवात होते आणि मैफल द्रुताकडे जाते. आयुष्याचा क्रम नेमका उलटा आहे, त्यामुळे हा विषय मुळात पश्चिमेकडच्या मंडळींनाच सोयीचा पडतो.

अर्धविराम

खर्ज, साठीनंतर वर्षे द्रुत लयीत जातात असे माझे वडील म्हणतात. तुमचा क्रमच बरोबर असावा.

चौथी खुर्ची

सर्वांचे आभार. स्मेताना घ्यायचे यावर आमच्या पाचांत आज पहिल्यांदा एकमत झाले. मात्र पियानोवादकाने तीस मिनिटे नुसते बसून राहायचे का, हा प्रश्न उरतो, म्हणून इतर रचना लागतीलच.

निमूट वाचक यांच्या प्रतिसादानंतर मी आमची रचनांची यादी पुन्हा पाहिली आणि आम्ही काय गाळले ते लगेच दिसले. पंचविशीनंतर एकदम आजारपण येते. मधली तीस वर्षे, म्हणजे आम्ही पाचही जण आज ज्या वयात आहोत ती वर्षे, आमच्या यादीत नाहीतच. कामावर जाणे, परत येणे, कुणाची तरी फी भरणे, कुणाला तरी डॉक्टरकडे नेणे. या वर्षांचे संगीत कोणते?

तिसरी रांग

मध्यमवयासाठी माझे मत व्हर्दीच्या क्वार्टेटला. जन्मभर ऑपेरा लिहिणाऱ्या या माणसाचे गाजलेले क्वार्टेट एकच, आणि तेही काम अडल्यामुळे झालेले. १८७३ मध्ये तो नेपल्समध्ये आपला 'आयडा' हा ऑपेरा उभा करत होता, प्रमुख गायिका आजारी पडली, तालमी थांबल्या आणि हॉटेलात बसल्या बसल्या त्याने ई मायनर क्वार्टेट लिहिले. १ एप्रिलला तिथेच मोजक्या मित्रांसमोर ते वाजले. त्याला त्याचे फारसे कौतुक नव्हते आणि ते छापायलाही तो सुरुवातीला तयार नव्हता.

एकोणसाठ म्हणजे मध्यमवय का, असे साशंक विचारतील. पण दुसऱ्या कुणाच्या आजारपणामुळे अचानक दोन-तीन मोकळे आठवडे हाती येणे आणि त्यात इतकी वर्षे राहून गेलेली एखादी गोष्ट करून टाकणे, याहून अधिक मध्यमवयीन प्रसंग मला सुचत नाही.

अर्धविराम

फी भरण्याचा विषय निघालाच आहे तर बीथोव्हेनचे शेवटचे पूर्ण क्वार्टेट, १८२६ चे ओपस १३५, विसरू नका. त्याच्या चौथ्या भागाच्या आरंभी त्याने स्वतः शब्द लिहिले आहेत, 'असायलाच हवे का? असायलाच हवे!' आणि वर शीर्षक, 'कष्टाने घेतलेला निर्णय'. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या मृत्यूचे, नियतीचे आणि शरणागतीचे चिंतन झाले आहे. मूळ प्रसंग असा की डेम्बशर नावाच्या एका गृहस्थांना बीथोव्हेनच्या दुसऱ्या एका क्वार्टेटची स्वरलिपी घरच्या बैठकीसाठी हवी होती, आणि आधीच्या कार्यक्रमाची वर्गणी म्हणून पन्नास फ्लोरिन द्यावेत असा निरोप त्यांना मिळाला. 'द्यायलाच हवेत का?' असे त्यांनी हसत विचारले. बीथोव्हेनला हे इतके आवडले की 'असायलाच हवे, काढा पाकीट!' असे चार आवाजांत गायचे एक गमतीचे गाणे त्याने लगेच लिहून टाकले आणि तीच चाल पुढे क्वार्टेटात गेली.

जीवनमरणाचा प्रश्न आणि थकलेली वर्गणी यांचे सूर एकच निघाले. मध्यमवय आणखी काय असते?

एकसष्ट

आजारपणासाठी मला मात्र त्याच बीथोव्हेनचा ओपस १३२ मधला तिसरा भाग हवा आहे. १८२५ च्या वसंतात तो पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. बरा झाल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि आजारातून उठलेल्याने देवाला वाहिलेले कृतज्ञतेचे स्तोत्र, असे त्याचे लांबलचक नाव ठेवले. अतिशय संथ स्तोत्र, मग 'नवी शक्ती जाणवताना' असे लिहिलेला थोडा नाचरा भाग, पुन्हा स्तोत्र, पुन्हा शक्ती आणि शेवटी स्तोत्र.

शस्त्रक्रियेनंतर ज्याने पहिल्यांदा खाटेपासून दारापर्यंतचे अंतर कापले आहे, त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. चार पावले टाकली की आपण बरे झालो असे वाटते आणि पाचव्या पावलाला भिंत धरावी लागते. ती शक्ती येते आणि दोन्ही वेळा टिकत नाही. मात्र स्तोत्र परत येते तेव्हा तेच राहिलेले नसते, प्रत्येक वेळी त्याची वीण अधिक मोकळी होत जाते.

आणि हा टप्पा म्हातारपणाआधीच असावा, असे कृपया धरून चालू नये. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

साशंक

मी माझे म्हणणे थोडे बदलतो आहे. रात्री झोप लागेना म्हणून ब्राम्सच्या पहिल्या पियानो ट्रिओच्या (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना, ओपस ८) दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या. पहिली १८५४ ची, तो विशीत असतानाची. दुसरी १८८९ ची, म्हणजे छप्पन वर्षांच्या ब्राम्सने तीच रचना हातात घेऊन केलेली. तिला आपण टोप घातलेला नाही, नुसते केस विंचरून नीट केले, अशा अर्थाचे त्याने एका मित्राला लिहिले होते. हे थट्टेत लिहिलेले असणार, कारण पहिल्या भागाची प्रसिद्ध चाल ठेवून पुढचे बरेचसे त्याने नव्याने लिहिले आणि रचना पुष्कळ आटोपशीर केली.

येथे रचनाकार तोच, वाद्ये तीच, आरंभीची चेलोची चालही तीच. त्यामुळे उरणारा फरक वयाचा आहे हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तरुण ब्राम्सला प्रत्येक सुचलेली गोष्ट सांगायची आहे, आणि पोक्त ब्राम्स त्यातली निम्मी स्वतःपाशी ठेवतो. तरुणाचा शेवटच्या भागातला दुसरा विषय बीथोव्हेनच्या दूरच्या प्रियेविषयीच्या गीताची आठवण करून देतो, आणि छप्पनाव्या वर्षी तो काढून टाकला आहे. कोणी म्हणेल सुधारणा केली, कोणी म्हणेल पुरावा नष्ट केला.

पण दुसरा भाग, स्केर्झो म्हणजे चपळ, खेळकर भाग, त्याने शेवटची काही वळणे सोडता तसाच राहू दिला. विसाव्या वर्षी लिहिलेल्या त्या भागात छप्पनाव्या वर्षीही त्याला बदलावेसे फारसे काही सापडले नाही. चौथी खुर्ची, तुमच्या पियानोवादकाला बसून राहावे लागते ना? हा स्केर्झो तुमचे तारुण्य आहे. माझ्या शंकेला याहून चांगले उत्तर मला मिळालेले नाही आणि ते मलाच शोधावे लागले, याची नोंद घ्यावी.

व्हायोलावाली

नोंद घेतली आहे.

निमूट वाचक

म्हातारपणाविषयी अजून कोणी बोलले नाही. म्हातारपण म्हणजे संथ, धूसर आणि समजूतदार, असे आपण धरून चाललो आहोत. यानाचेकने 'अंतरंगातली पत्रे' हे दुसरे क्वार्टेट १९२८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी लिहिले. ते कामिला स्टॉसलोव्हा या सदतीस वर्षांनी लहान असलेल्या विवाहित स्त्रीवरच्या प्रेमाचे आहे. ते ऐकून कोणी वय ओळखले तर मी इथे लिहिणे सोडेन. याउलट फोरेने आयुष्यभर टाळलेले क्वार्टेट एकोणऐंशीव्या वर्षी, ऐकू येणे जवळजवळ बंद झाल्यावर लिहिले, आणि काही आठवड्यांनी तो गेला. त्यात आकांत नाही की निरोपही नाही.

अर्धविराम

शेवटासाठी शोस्ताकोविचचे पंधरावे क्वार्टेट (१९७४) घ्या. एकामागून एक सहा भाग, सहाही संथ, मध्ये थांबणे नाही. पहिला भाग असा वाजवा की माशा हवेतल्या हवेत मरून पडाव्यात आणि लोक कंटाळून उठून जावेत, असे तो वादकांना म्हणाल्याचे सांगतात. सभागृह वेळेत रिकामे होईल.

पान उलटणारी

अर्धविराम यांच्या थट्टेवरून मला एक खरोखरची थट्टा आठवली आणि मी ती मनापासून सुचवते आहे. शेवट मृत्यूने करू नका. हायडनच्या ओपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या (१७८१) अखेरच्या भागाने करा.

त्या भागाची चाल हलकीफुलकी आहे आणि तिचे चार छोटे तुकडे पडतात. अखेरीस हायडन आधी अचानक गंभीर होतो, काही क्षण संथ सूर लावतो. मग तीच चाल परत येते, पण प्रत्येक तुकड्यानंतर शांतता. पहिला तुकडा, शांतता. दुसरा तुकडा, शांतता. चौथा झाला की श्रोते टाळ्या वाजवतात, कारण चाल पूर्ण झालेली असते. मग आधीच्याहून लांब शांतता, आणि पुन्हा अगदी हळू पहिला तुकडा. बस्स. त्यापुढे काही नाही.

म्हणजे रचना जिथून सुरू झाली त्याच शब्दांवर ती थांबते आणि संपली की नाही हे कोणालाच कळत नाही. हायडन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता, त्यामुळे चौथी खुर्ची यांची मधली तीस वर्षेही यात आली.

तिसरी रांग

पान उलटणारी यांना माझा पाठिंबा. दिवे मात्र मंद करू नयेत.

चौथी खुर्ची

कार्यक्रम परवा झाला. चार महिने हा धागा खाली गेला होता तो वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण हिशोब देणे लागतो.

क्रम असा ठेवला. 'बालदृश्यां'तले पहिले आणि शेवटचे दोन तुकडे. ब्राम्सचा स्केर्झो. स्मेताना संपूर्ण. ओपस १३२ मधला तिसरा भाग. आणि हायडनचा अखेरचा भाग. व्हर्दी बसवता आला नाही. निवेदन नव्हते, पडदा नव्हता, दिवे होते तसेच ठेवले. हातात एक पान दिले आणि त्यावर टप्प्यांची नावे छापली नाहीत, फक्त रचनेचे वर्ष आणि रचनाकाराचे तेव्हाचे वय छापले. ही साशंक यांच्याशी केलेली तडजोड होती.

स्मेतानातल्या त्या उंच स्वराविषयी आमच्या पहिल्या व्हायोलिनने दोन महिने धास्ती घेतली होती. तो लागला, थोडा खरखरीत लागला, आणि नंतर ते म्हणाले की तसाच बरा होता. बीथोव्हेनच्या वेळी माझा गज धरलेला हात शेवटच्या स्तोत्रात थरथरत होता. पंधरा मिनिटे इतके संथ वाजवताना उजवा खांदा भरून येतो, आणि पत्रिकेत आजारपण लिहिले नसले तरी पहिल्या रांगेने ते पाहिले असावे.

हायडनच्या वेळी अपेक्षेप्रमाणे चौथ्या तुकड्यानंतर टाळ्या झाल्या. आम्ही गज तारांवरच ठेवून बसून राहिलो तेव्हा त्या अर्ध्यातच थांबल्या, काही जण हसले. मग शेवटचा तुकडा वाजवला. त्यानंतर कोणीच टाळी वाजवेना. एकदा फसल्यामुळे पुन्हा फसायचे नाही असे सर्वांनी ठरवले होते आणि आम्हीही एकमेकांकडे पाहत गज तसेच धरून होतो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. शेवटी मागच्या बाजूला एका लहान मुलाने 'आता?' असे विचारले.

एकसष्ट

त्या शांततेत माझा डावा कान चालू होता. मी सहाव्या रांगेत होतो, ओळख दिली नाही. तुमचा ई माझ्या स्वरापेक्षा किंचित वरच होता.

साशंक

मीही आलो होतो. पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि प्रत्येक रचनेसमोर वय लिहिले. पाचांपैकी दोन बरोबर आली. हायडनला मी ऐंशी लिहिले होते.